साठीनंतरचा विमा : नियम आले, ओसरीवरचं बोलणं राहिलं

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तेव्हा हट्टा परभणी जिल्ह्यात होतं. वसमत तालुक्यातल्या या भागात विमा म्हटलं की एलआयसीच डोळ्यासमोर यायची. दुखणं आलं तर शेतमाल विकायचा, पाहुण्यांकडून उसने घ्यायचे, नाहीच भागलं तर जमीन गहाण टाकून नांदेड किंवा परभणी गाठायची. मेडिक्लेम ही नोकरदारांची, शहरातली गोष्ट होती.

१९९९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. १ मे रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि डिसेंबरात संसदेने विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा केला. पुढच्या वर्षापासून खासगी कंपन्या आल्या. मग एजंट वाढले, बँकाही विमा विकू लागल्या. दवाखान्याचा विमा खेड्यापर्यंत पोचला तो असा, ओळखीच्या माणसामार्फत.

विक्रीवर पहिला महत्त्वाचा लगाम आला २००२ मध्ये, पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाच्या नियमांतून. एजंटाने योजनेची पूर्ण माहिती द्यायची. अर्ज ग्राहकाने स्वतः भरला नसेल, तर त्यातला मजकूर आपल्याला समजावून सांगितला होता आणि तो आपल्याला कळला, असं ग्राहकाचं प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटी घेता येईल. हेतू चांगला होता. पण त्याचं पुढे काय झालं ते खेड्यात राहणाऱ्याला ठाऊक आहे. प्रमाणपत्र म्हणजे छापील मजकुराखालची आणखी एक सही झाली. म्हातारं माणूस सांगतं, बीपीची गोळी चालू आहे, शुगरही आहे. समोरचा म्हणतो, काका, ते लिहायची गरज नाही. अर्ज त्याच्या हातात, पेन त्याच्या हातात. दोन वर्षांनी क्लेम फेटाळला जातो तो ‘आजार लपवला’ म्हणून, आणि ‘मला सगळं समजलं’ या मजकुराखाली सही असते म्हाताऱ्याचीच. ज्या कागदाने ग्राहकाला राखायचं, तोच त्याच्या विरुद्ध पुरावा होतो. या सगळ्या मागोव्यात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे.

ज्येष्ठांचा स्वतंत्र विचार व्हायला २००९ उजाडलं. पासष्ट वर्षांपर्यंत विम्यात प्रवेश द्यावा, नाकारल्यास कारण लेखी द्यावं, विमा दिला तर आधीच्या तपासण्यांचा निम्मा खर्च परत करावा, असं प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं. २०११ मध्ये कंपनी बदलण्याची सोय आली. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क दिला आणि पॉलिसी पसंत नसेल तर पंधरा दिवसांत परत करण्याची मुभा दिली.

याच काळात सरकारी योजनाही आली. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, हिंगोलीला ती २०१३ च्या अखेरीस मिळाली. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळाला, आणि त्यांत हिंगोली होता. म्हणजे हट्ट्यातल्या बऱ्याच घरांना हप्ता न भरता आधार होता. विकायला आलेल्याने ते सांगावं, अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवली नाही.

२०२४ हे सर्वांत मोठ्या बदलांचं वर्ष. वयाची मर्यादा गेली. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चारवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. परत करण्याची मुदत तीस दिवस झाली. अटींचा सारांश देणारं माहितीपत्रक सोप्या रूपात सक्तीचं झालं आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळतं. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी प्राधिकरणाशी बोला, असा आदेश निघाला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला.

हे सगळं मोलाचं आहे. तरी बारकाईने पाहिलं तर बहुतेक संरक्षण सही झाल्यानंतर सुरू होतं. पॉलिसी परत करायची ती घेतल्यावर, तक्रार करायची ती क्लेम फेटाळल्यावर. माहितीपत्रकसुद्धा मराठीत ‘मागितल्यास’. ते मागता येतं हे ज्याला माहीत नाही, त्याने मागायचं कसं? अमेरिकेत मेडिकेअर योजनांच्या विक्रीबाबत २०२३ मध्ये नियम झाला. कोणत्या योजनांविषयी बोलायचं याची संमती ज्येष्ठाकडून आधी घ्यायची, आणि ठरवून होणारी भेट त्यानंतर साधारणपणे अठ्ठेचाळीस तासांनी. त्यातही काही अपवाद होते, पण विचार योग्य आहे: विक्रेत्याची घाई हेच ज्येष्ठांचं नुकसान. साठीपुढच्या माणसाची सही पहिल्याच भेटीत घ्यायची नाही, मराठी माहितीपत्रक न मागता आधी द्यायचं आणि अर्जातले आजारांचे प्रश्न घरच्या कुणासमोर वाचून दाखवायचे, एवढं आपल्याकडे सक्तीचं व्हायला हवं. सरकारी योजनेत तुम्ही बसता का, हे सांगणंही विक्रेत्यावर बंधनकारक हवं.

कारण २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळू शकतात. त्यासाठी आधार कार्ड लागतं, हप्ता लागत नाही. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. साठ ते सत्तरमधल्यांनी जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. १ जुलै २०२४ पासून तिचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आहे.

हट्ट्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लेकी-सुनांना, मुलांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्यांचं कार्ड आधी काढून घ्या. त्यावरही पॉलिसी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण बीपी, शुगर, जुनी ऑपरेशनं सगळं अर्जात स्वतः लिहा आणि त्याची प्रत घरात ठेवा. फसवलं गेल्यासारखं वाटलं तर तीस दिवस हातात आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर फोन करा.