हृदयाचा लगाम

घड्याळाचा सेकंदकाटा दिसेल असे बसा. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि मिनिटभर नाडी मोजा. बहुतेकांचा आकडा ७० ते ८० च्या आसपास येईल. आता झटकन उभे राहून पुन्हा मोजा. दहा-पंधरा ठोके वाढलेले आढळतील. हृदयाला तर तुम्ही काहीच सांगितले नव्हते. मग हा बदल केला कोणी?

आपण उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाच्या व पायांच्या नीलांमध्ये उतरते. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत रक्ताचा दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब जरासा उतरला की ही बातमी लंबमज्जेला, म्हणजे मेंदूच्या अगदी तळच्या भागाला पोचते. तेथून हुकूम सुटतात. हृदय वेगाने चालू लागते, रोहिण्या आकसतात आणि दाब सावरतो. हे सारे काही सेकंदांत घडते. लांबलेल्या प्रार्थनेच्या वेळी उन्हात एखादा मुलगा कोसळतो, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडलेली असते. त्याला उठवून बसवण्याची घाई करू नये. आडवे ठेवून पाय उंच करावेत.

हे हुकूम नेणारी यंत्रणा म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था. तिच्या दोन शाखा आहेत. छाती व कंबरेच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघते ती अनुकंपी. ती हृदयाला पळवते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करते, पण आतड्यांची हालचाल मात्र मंदावते. दुसरी परानुकंपी, तिचे काम बहुतेक ठिकाणी याच्या उलट. तिचा सर्वांत मोठा मज्जातंतू व्हेगस. तो कवटीतून निघून मान आणि छाती ओलांडून थेट पोटापर्यंत जातो.

संकटात अनुकंपी आणि विश्रांतीत परानुकंपी, असे पाळी लावून दिल्यासारखे वर्णन पुष्कळदा केले जाते. लक्षात ठेवायला ते सोपे आहे, पण पुरते खरे नाही. दोन्ही शाखा सतत काम करीत असतात. तरुण माणसाच्या हृदयावरचा दोन्ही शाखांचा अंमल औषधाने थांबवला, तर ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देते! म्हणजे शांत बसलेले असताना आपली नाडी ७० वर असते ती व्हेगसने लगाम ओढून धरल्यामुळे. उभे राहताना पहिल्या क्षणी होते ते एवढेच, की हा लगाम सैल सुटतो. हृदयरोपण झालेल्या रुग्णात हे स्पष्ट दिसते. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे बसल्या जागीही नाडी जलद असते. जिना चढताना ती लगेच वाढत नाही. अधिवृक्क ग्रंथींतले ॲड्रेनॅलिन रक्तावाटे हृदयापर्यंत पोचले की मग वाढते.

व्हेगसला विजेने चेतवले तर हृदय थांबते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले होते. पण मज्जातंतू हा निरोप हृदयाला देतो कसा? ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांना त्यासाठीचा प्रयोग म्हणे स्वप्नात सुचला. रात्री उठून त्यांनी टिपण केले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडले, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदये मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याचा व्हेगस चेतवून ते मंद केले आणि त्याच्यातले द्रावण दुसऱ्या हृदयात घातले. दुसऱ्याला कोणताही मज्जातंतू जोडलेला नसताना तेही मंदावले. निरोप रासायनिक होता. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधासाठी लोवींना १९३६ चे नोबेल पारितोषिक हेन्री डेल यांच्यासह मिळाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन.

उकिरड्यावर उगवणारा धोतरा तुम्ही पाहिला असेल. त्यातले ॲट्रोपिनसारखे विषारी पदार्थ ॲसिटिलकोलिनची वाट अडवतात. म्हणून धोतऱ्याचे बी पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते आणि माणूस भ्रमिष्ट होतो.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके याच्या उलट करतात. ॲसिटिलकोलिनचे काम झाले की एक विकर त्याचे लगेच विघटन करते. हे कीटकनाशक त्या विकरालाच निकामी करते. मग लगाम ओढलेला तो ओढलेलाच राहतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, नाडी मंदावू शकते, छातीत स्राव साचून श्वास कोंडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले, शेकडो आजारी पडले. वापरलेल्या औषधांत या गटातलीही होती. हे विष कातडीतूनही शिरते. म्हणून भिजलेले कपडे तात्काळ उतरवून, अंग साबण-पाण्याने धुऊन रुग्णाला दवाखान्यात न्यायचे असते. तेथे डॉक्टर मोजून टोचतात ते धोतऱ्यातलेच ॲट्रोपिन, आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत व नाडी ८० च्या वर येईपर्यंत ते देत राहतात.