पेपर वाचायला मिळाला तर नेमकं काय बदलतं?

समजा, पेण तालुक्यातल्या खारजमिनीवर कुणाला काम करायचंय. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं, तर मातीतला क्षार उतरायला किती वर्षं लागतात, हा प्रश्न. नेटवर शोधलं की ढीगभर शीर्षकं दिसतात, सारांशही फुकट. पण नमुने किती खोलीवरून घेतले, पावसाआधी की नंतर, हे सारांशात क्वचितच असतं. ते आत असतं, आणि आत जायला पैसे पडतात. मग माणूस अंदाजाने पद्धत ठरवतो, नाहीतर आधीच झालेलं काम पुन्हा करत बसतो. रोह्यात कुंडलिकेच्या पाण्यातले जड धातू मोजणाऱ्याचीही हीच गत.

पण याने संशोधनावर खरंच फरक पडतो का? फिलिप डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही लेख निवडून खुले केले (बीएमजे, 2008). पूर्ण लेख उघडून वाचण्याचं प्रमाण 89 टक्क्यांनी वाढलं, पण पहिल्या वर्षात त्या लेखांचे संदर्भ काही जास्त दिले गेले नाहीत. म्हणजे उपयोग शून्य? थांबा. संदर्भ देणारे बरेचसे लोक मोठ्या विद्यापीठांतले. त्यांना लेख आधीही मिळतच होता. 2009 मध्ये जेम्स इव्हान्स आणि जेकब रायमर यांनी देशवार पाहिलं, तेव्हा विकसनशील देशांत खुल्या लेखांचा परिणाम दुपटीहून जास्त निघाला. जगाच्या सरासरीत पेण-रोहा दिसत नाही, ते असं.

1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय: 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये. मात्र पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. तालुक्याच्या गावी बरीच कॉलेजं शिक्षणसंस्था चालवतात. तेव्हा आपलं कॉलेज यात आहे का, हे आधी ग्रंथालयात विचारा.

आणि दार उघडलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. इव्हान्स यांनीच 2008 मध्ये दाखवलं होतं की जर्नल्स ऑनलाइन आली तसे संदर्भ जास्त ताज्या आणि मोजक्याच लेखांकडे वळले. सर्च जे वर दाखवतो, तेच आपण वाचतो. खारजमिनीबद्दलचं कामाचं बरंच काही मात्र प्रबंधांत आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी आहे. म्हणून परदेशी जर्नल उघडण्याआधी ‘शोधगंगा’वर एक चक्कर मारा. तिथे पैसे लागत नाहीत. आणि एखादा पेपर कुलपातच असेल, तर लेखकाला सरळ ईमेल करा. आपला पेपर कुणीतरी मागतंय याचा आनंद बहुतेकांना होतोच.