प्लेटलेट्स, पिल्लू आणि बर्नचे डॉक्टर

शुक्रवार संध्याकाळ. स्टोरी फाइल झाली होती, कॉफीचा प्लॅन ठरला होता आणि ताईचा फोन आला. "पिल्लूच्या अंगावर काळेनिळे डाग आलेत. ये ना गं लगेच!"

माझा भाचा चार वर्षांचा. घरातलं चालतंबोलतं वादळ. पडला असेल कुठेतरी, म्हणून मी निवांत. ताईने मात्र तोवर पाळणाघरातल्या काकूंना फोनवर झाप झाप झापलं होतं. "मुलाला मारता का तुम्ही?" इथपर्यंत मजल गेली होती.

रात्री पिल्लूच्या नाकातून रक्त यायला लागलं. थांबेचना! हॉस्पिटल गाठलं. रिपोर्ट आला, प्लेटलेट्स फक्त 6 हजार. नॉर्मल आकडा दीड ते साडेचार लाख!

फॅमिली ग्रुपवर लगेच निदान झालं, डेंगी. पपईच्या पानांचा रस द्या, डोनर शोधा, सगळं सुरू. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "डेंगी नाही, आयटीपी आहे."

आपलेच आपल्यावर उलटतात तेव्हा

आयटीपी म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. लहान मुलांमध्ये तो बऱ्याचदा साध्या व्हायरल तापानंतर येतो. व्हायरसशी लढणारी आपली सिक्युरिटी सिस्टीम गोंधळते आणि स्वतःच्याच प्लेटलेट्सवर अँटिबॉडीजचा शिक्का मारते. शिक्का बसलेल्या प्लेटलेट्स प्लीहेत नष्ट होतात. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सचीही तीच गत, त्यामुळे जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच त्या देतात.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट सॉलिड आहे. 1950 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या पेशंटचं रक्त चक्क स्वतःला टोचून घेतलं! काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स धाडकन कोसळल्या. तो वाचला आणि दोषी रक्तातच आहे, हे सिद्ध झालं.

एका मुलाची ड्रिप

उपाय सापडला तो मात्र ध्यानीमनी नसताना. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे बालरोगतज्ज्ञ पॉल इम्बाख यांच्याकडे आयटीपीचा एक मुलगा होता. औषधांच्या माऱ्याने त्याची प्रतिकारशक्ती खचली होती, म्हणून त्याला इम्युनोग्लोब्युलिनची ड्रिप लावली. हेतू इन्फेक्शन टाळण्याचा, पण वाढल्या प्लेटलेट्स! दुसऱ्या कुणी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. इम्बाख यांनी आणखी मुलांवर प्रयोग केला आणि 1981 मध्ये 13 मुलांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले. साध्या भाषेत फंडा असा, की दुसऱ्यांच्या अँटिबॉडीजची एवढी गर्दी करायची, की प्लेटलेट्स खाणाऱ्या पेशींचे दरवाजेच अडून जातील. पुढे 1984 मध्ये जपानच्या फुरुशो यांनी हीच ड्रिप कावासाकी आजारात वापरून दाखवली.

हे सगळं मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मोबाइलवर वाचत होते. आत पिल्लूला तीच ड्रिप थेंब थेंब चालली होती. प्रत्येकाला ती लागत नाही बरं का! नुसते डाग असतील तर आज डॉक्टर बहुतेकदा फक्त लक्ष ठेवतात. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. आमच्या पिल्लूचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून ड्रिप.

बाटलीत कोण होतं?

मॅडमनी सहज सांगितलं, "हे औषध फॅक्टरीत नुसतं केमिकल मिसळून बनत नाही. हजारो डोनर्सच्या प्लाझ्मातून काढतात." मी गप्प. ऑफिसमधल्या ब्लड डोनेशन कॅम्पला मी तीनदा 'डेडलाइन आहे' सांगून कल्टी मारली होती. आणि इथे हजारो अनोळखी माणसं माझ्या भाच्याच्या हातात उतरत होती.

तिसऱ्या दिवशी आकडा 58 हजार. अजून पूर्ण सुटका नाही. दर आठवड्याला टेस्ट, उड्या मारायला बंदी, आणि ताप आला तरी मनाने अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. ताई आता आकडा ऐकताना माझा हात घट्ट धरते.

घरी आल्यावर ताईने पहिलं काम काय केलं असेल? पाळणाघरात जाऊन काकूंची माफी मागितली. काकू म्हणाल्या, "ते राहू दे गं. पोर कसंय?"

मी पण रक्त देऊन आले. सुई टोचल्यापासून बिस्किटांपर्यंत, एका मीटिंगपेक्षाही कमी वेळ लागला.