मालगुंडच्या अंगणातला प्रश्न

आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. ती आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण कवी जिथे जन्मला ते घर कधी पाहिले नव्हते. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मे महिन्यात, आमच्या वस्तीतली तीन कुटुंबे रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडला गेलो. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता ऊसतोडीमुळे पाठच. आंबा घाट मात्र पहिल्यांदाच उतरलो.

मालगुंड गणपतीपुळ्याच्या शेजारी. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत, येथे १८६६ साली जन्मले. वडील शाळामास्तर, पुढे स्वतःही मास्तर. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. आज त्यांच्या सुमारे १३५ कविता मिळतात. कोकण मराठी साहित्य परिषदेने या घराचे स्मारक केले. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झाले. घर साधे कोकणी, जुन्या वापरातल्या वस्तू मांडलेल्या, बाहेर शिळांवर कविता कोरलेल्या. "एवढ्याशा घराची केवढी निगा!" आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या.

सहावीतला पोरगा मात्र अंगणात अडून बसला. "बाबा, दामल्यांचं घर बघायला आपण एवढ्या लांब कशाला आलो?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला १८८८ सालची 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता सांगितली. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला बाजूला व्हावे लागते, कारण वरच्या जातीचा माणूस येतो आहे. मूल विचारते, आपण का बाजूला व्हायचे? बाबासाहेबांच्या जन्माआधी तीन वर्षे हे लिहिले गेले. केशवसुतांनी तो विटाळ स्वतः सोसला नव्हता, हेही त्याला सांगितले. प्रश्नाचे उत्तर १९२७ साली महाडच्या तळ्यावर आपल्याच माणसांनी दिले.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि वामनदादांचं घर?"

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले, एवढे आम्ही सांगू शकलो. पण तिथे आमच्यापैकी कोणीच गेलेले नव्हते. मुलापुढे जरा ओशाळलोच.

परतीच्या एस.टी.त त्याच आजी हळूच बोलल्या. त्यांचे मालक जलशात गात. स्वतः रचलेल्या गाण्यांच्या वह्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत, दोन वाळवीने खाल्ल्या. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी पेटी अंगणात काढली. धडधाकट वह्या सात निघाल्या. पोरगा रोज संध्याकाळी एक-एक गाणे नव्या वहीत उतरवतो. अक्षर लागले नाही की आजी गाऊन दाखवतात.