जनसुरक्षा नेमकी कोणाची?

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारावर पर्यटकांच्या जिप्सींची रांग लागते. याच जंगलपट्ट्यात मोहफुलाला, तेंदूपानाला गेलेल्या माणसाला वाघ मारतो, तेव्हा गाव रस्त्यावर बसते. साहेब आल्याशिवाय प्रेत उचलू देत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीची ही नेहमीची हकिकत. जनसुरक्षा विधेयकाकडे आम्ही या रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहतो.

'महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक' जुलै २०२४ मध्ये विधानसभेत मांडले गेले. अधिवेशन संपले, विधेयक अडकले आणि सभागृहाच्या मुदतीबरोबर बारगळले. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते पुन्हा आले व संयुक्त समितीकडे गेले. या खोळंब्याने काय साधले? जनतेला मसुदा वाचायला वेळ मिळाला! बारा हजारांवर सूचना व हरकती दाखल झाल्या. 'व्यक्ती आणि संघटना' हा रोख जाऊन 'कडव्या डाव्या किंवा तशा प्रकारच्या संघटना' अशी भाषा आली. सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जाणार नाही असे ठरले. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते मंजूर केले.

परंतु गोम व्याख्येतच आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणे, कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करणे, प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेला प्रोत्साहन देणे, हे सारे 'बेकायदेशीर कृत्य'. ते बोलून केले काय नि लिहून केले काय! गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सरकार म्हणते, आधी संघटना बेकायदेशीर ठरेल, मगच माणसावर कारवाई होईल. पण संघटना बेकायदेशीर ठरवणारे सरकारच ना? आणि 'तशा प्रकारच्या' या शब्दांत उद्या वनहक्क मागणारी संघटना बसवली तर?

आम्ही हिंसेचे समर्थक नाही. नक्षलवाद्यांच्या बंदुकीने गडचिरोलीत गरीब आदिवासीच मेला. त्या हिंसेसाठी १९६७ चा यूएपीए आणि १९९९ चा मोक्का हाताशी आहेतच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की संवैधानिक मार्ग खुले असताना असंवैधानिक मार्गांना जागा नाही. म्हणजेच ते मार्ग खुले ठेवणे ही राज्यकर्त्यांची जबाबदारी ठरते. मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो ग्रामसभेच्या बळावर, बंदुकीच्या नव्हे. त्या वाटेवर चालणाऱ्यालाच संशयित केले, तर सुरक्षा कोणाची झाली?

बांधवांनो, विधेयक अडकले तेव्हा मिळालेल्या महिन्यांत हरकती लिहिणाऱ्यांनी काही शब्द तरी बदलून घेतले. मसुदा वाचणारा समाज सहजासहजी फसत नाही. बुद्धविहारात, ग्रामसभेत हा कायदा कलमवार वाचून काढा. मोहर्लीच्या रस्त्यावर बसलेला माणूस गुन्हेगार की नागरिक, हे आपण वाचले नाही तर दुसराच कोणी ठरवील.