खेळाची मजुरी

अकोला, अमरावती, खामगावच्या बाजारातला कापूस इंग्रजी अमलात गाठी बांधून मुंबई बंदरातून विलायतेला जात असे. मँचेस्टर आणि भोवतालच्या गिरण्यांत त्याचे कापड होई. हे आम्हाला शाळेत शिकविले गेले. त्या मँचेस्टरात कामगारांनी काय उभे केले, हे मात्र कोणी शिकविले नाही.

तिथे शनिवारची अर्धी सुट्टी कायद्याने आणि कामगारांच्या रेट्याने मिळत गेली आणि मैदाने भरू लागली. १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे डबे कारखान्याच्या कामगारांनी फुटबॉलचा संघ काढला. तोच १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. १८८० मध्ये वेस्ट गॉर्टनच्या गरीब वस्तीतील एका चर्चने काढलेल्या संघातून पुढे मँचेस्टर सिटी उभा राहिला.

पण कामगाराने खेळासाठी खाडा केला तर मजुरी कोण देणार? बड्या घरच्या मंडळींचे उत्तर ठरलेले होते : खेळ हौसेने खेळावा, पैसे घेणे हीनपणाचे. ज्याच्या घरी कोठी भरलेली, त्यालाच हे तत्त्वज्ञान परवडते! १८८३ मध्ये जवळच्या ब्लॅकबर्नच्या संघाने, ज्यात विणकर होते, सूतगिरणीचा कामगार होता, ईटनच्या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना अंतिम सामन्यात हरविले. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, खेळाडूला पैसे देण्यास मान्यता मिळाली.

आमच्याकडे काय होते? चांभार समाजातील पळवणकर बाळू पुण्याच्या साहेबी जिमखान्यात महिना चार रुपयांवर राबत आणि साहेबांना गोलंदाजी करीत. हिंदूंच्या संघाने त्यांची गोलंदाजी घेतली, पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, मंडपाबाहेर दिला. १९११ च्या विलायत दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण म्हणून त्यांच्यावरचा अन्याय खोटा ठरत नाही.

तिकडे आडवा आला तो वर्ग. इकडे पगार घेऊनही जात सुटली नाही.

आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला कबड्डी नेऊन दाखविली. त्या खेळाची व्यावसायिक लीग आली ती २०१४ मध्ये. मधली ७८ वर्षे मातीत गुडघे फोडणाऱ्या पोरांनी काय खाल्ले, हे कोणी विचारले का? आजही वस्तीतल्या पोराला टाळ्या आणि हार देऊन भागविले जाते. आमचे म्हणणे साधे आहे : घाम गाळणाऱ्याला मजुरी द्या, आणि संघ निवडणाऱ्यांत, मैदान सांभाळणाऱ्या संस्थांत आमची माणसे घ्या. यातले एक देऊन दुसरे टाळता येणार नाही.