स्पेनचा पावसाळी किनारा

स्पेन म्हटले की दक्षिणेकडील तापलेली वाळू, ऑलिव्हच्या बागा आणि निरभ्र आकाश डोळ्यांसमोर येते; परंतु त्याच देशाच्या उत्तरेला गालिसिया, आस्तुरियास, कांताब्रिया आणि बास्क या प्रांतांचा किनारा वर्षभर हिरवा असतो. किनाऱ्याला समांतर असलेली कांताब्रियन पर्वतरांग, जिची शिखरे पिकोस दे युरोपा या भागात २,६०० मीटरांहून उंच आहेत, अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे अडवते आणि पाऊस समुद्राकडील उतारावरच पडतो. सह्याद्रीमुळे कोकण भिजते आणि देश कोरडा राहतो, तोच हा प्रतिरोध पर्जन्य होय. मात्र येथे तो चार महिन्यांत कोसळत नाही, तर वर्षभर विखुरतो आणि हिवाळ्यात वाढतो. सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थनगरीत वर्षाला सुमारे १,८०० मिलिमीटर, तर आग्नेयेकडील आल्मेरियात जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस होतो.

या ओलाव्याला हवामानाची उणीव मानणाऱ्या प्रवाशाला हा प्रदेश कळणारच नाही, कारण येथील घडण त्याच्याशी जुळवून घेतच झाली आहे. मका व धान्य कुजू नये म्हणून बांधलेली ‘ओरेओ’ नावाची कोठारे खांबांवर उचललेली असतात, खांबांच्या माथ्यावरील सपाट दगडांमुळे उंदीर वर चढू शकत नाहीत, आणि गालिसियातील कोठारांच्या भिंतींत वारा खेळण्यासाठी फटी ठेवलेल्या दिसतात. आल्बारिन्यो जातीची द्राक्षे ओल्या जमिनीपासून दूर राहावीत म्हणून ग्रॅनाइटच्या खांबांवरील उंच मांडवांवर वाढवली जातात. समुद्राचे पाणी शिरून बुडालेल्या नदीखोऱ्यांना ‘रिया’ म्हणतात. पोषकद्रव्यांनी समृद्ध अशा या खाड्यांत लाकडी तराफ्यांवरून सोडलेल्या दोरांवर मसल जातीचे काळे शिंपले वाढवले जातात. आस्तुरियासमध्ये द्राक्षांच्या वाइनपेक्षा सफरचंदांच्या ‘सिद्रा’ या मद्याला मान असून, बाटली डोक्यावर धरून ते उंचावरून पेल्यात ओतण्याच्या रीतीसह या संस्कृतीचा युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

अर्थात डोळ्यांना सुखावणारी सारीच हिरवाई मूळची नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या आणि पुढे कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या निलगिरीने ओक व चेस्टनटच्या जंगलांची बरीच जागा घेतली असून, गालिसियातील उन्हाळी वणव्यांना ती हातभार लावते, ही खेदाची गोष्ट नजरेआड करता येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये माद्रिद तापत असताना येथे दुपारचे तापमान सहसा २५ अंशांच्या आसपास असते आणि पाऊसही तुलनेने कमी असतो. सवड असणाऱ्याने बिल्बाओहून सांतांदेर व ओविएदोमार्गे फेर्रोलपर्यंत जाणारी अरुंद रुळांची रेल्वे निवडावी. वाटेत गाड्या बदलाव्या लागतात आणि वेळही फार जातो, पण महामार्गावरून न दिसणारी खेडी, कुरणे आणि नदीमुखे तिच्या खिडकीतून जवळून पाहता येतात.